अमर्याद पॅकेज आणि लेसोखालची नवरी

३ ऑगस्ट, मोंबासा
न्यागुथीचा पुन्हा फोन. शनिवारी न्येरीला तिच्या घरी लग्नाची बोलणी. नवऱ्यानं जातीनं हजर राहावं म्हणे. रात्रभर बस, मग खचाखच मटाटू व्हॅन, मग तो चढ. विचारानंच दमलो. त्यापेक्षा नेटचं अनलिमिटेड पॅकेज घेतलं. माझे मामा तिथं जाऊन फोन धरतील, मी व्हिडिओवर हजर. ती म्हणाली, बाबांना आधीच वाटतं, किनाऱ्यावर राहून हा पोरगा आळशी झाला. म्हटलं, जमाना बदलला. तिनं फोन ठेवला. पटलं असावं.

४ ऑगस्ट
तयारी म्हणून दुसऱ्यांच्या बोलण्यांचे व्हिडिओ पाहिले. मग फुटबॉलचे. खोलीतला ओपियो माझ्या हॉटस्पॉटवर अख्ख्या मालिका उतरवतोय. नाही कसं म्हणू? आडात भरपूर आहे.

६ ऑगस्ट, दुपार
मेसेज: आपल्या अमर्याद पॅकेजची मर्यादा संपली आहे. महिनाअखेरपर्यंत वेग कमी राहील.
चुकून आला असणार.

संध्याकाळ
चुकून नाही. कंपनीतली बाई गोड बोलली. नेट बंद नाही सर, फक्त हळू. हवा तितका वेळ वापरा. भांडायचं त्राण नाही. ओपियो म्हणाला, अजून बस मिळेल, ऊठ बाबा. पण पांघरलेल्या बायकांतून आपली नवरी ओळखायला वेग कशाला लागतो?

८ ऑगस्ट, शनिवार
आधी आवाज आला, मग चित्र, मग नुसते रंगीत चौकोन. डोक्यापासून लेसोची कापडं पांघरलेल्या बायका ओळीत उभ्या. त्यातली न्यागुथी मी ओळखायची. चुकलो तर एक बकरा दंड. मामा ओरडले, बोल की लेका, मंडळी तिष्ठलीत! मी ठामपणे म्हटलं, पहिली.
लेसो काढला तर तिची आजी. म्हातारी म्हणाली, चालेल, पण बसमध्ये मला खिडकी हवी. हशा पिकला. तिचे बाबा तेवढे हसले नाहीत. बकरा नको म्हणाले, मुलगा आणा, मग बोलू.
दोष पूर्णपणे कंपनीचा.

२० ऑगस्ट
न्यागुथी फोन उचलत नाही. तिकडे नेटवर्क वाईट असेल. तिच्या बहिणीनं त्या दिवशीचा व्हिडिओ पाठवलाय, तो नुसता गोल गोल फिरतोय. स्वतः जावं का? पण गेलो तर चूक माझीच होती असं ठरेल. नेट सुधारलं की शांतपणे समजावीन.

१ सप्टेंबर
पूर्ण वेग. व्हिडिओ उघडला. सगळं लख्ख.
ओळीत चौथीनं लेसोखालून पाऊल पुढे काढलंय. माझ्यासाठी अंगठा हलवतेय, सारखा, थांबतच नाही. माझा आवाज येतो: पहिली. पाऊल हळूच आत जातं.
शेवटी न्यागुथीच कॅमेऱ्यासमोर येते. रडून डोळे सुजलेत. म्हणते, पुढच्या शनिवारपर्यंत बाबांना कसंबसं थोपवते. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. बसनं ये रे.
तो शनिवार पंधरा ऑगस्टला होऊन गेला.
व्हिडिओ एकदाही अडकला नाही.