आईच्या सीटखालची पाचर

प्रिय चिमणे,

माझ्या वाकड्या अक्षराला हसू नकोस, आधीच माझं डोकं फिरलेलं आहे. आपल्या म्हाताऱ्या पिकअपने नाकी नऊ आणलेत. किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा लागतो आणि घरी परतेपर्यंत माझ्याकडे टक लावून बघत बसतो. इंजिन ठणठणीत, ब्रेक उत्तम, मागे फळ्या रचल्या तरी चढावर कुरकुर नाही. पण तो दिवा लागलाय म्हणजे धडक बसली तर फुगा उघडेलच याचा भरवसा नाही. मी एकटा असतो तर वर काळी पट्टी चिकटवून मोकळा झालो असतो. पण शेजारी तुझी आई बसते. पाठीच्या ऑपरेशननंतर तिला दर आठवड्याला व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागतं आणि टॅक्सीचं नाव काढलं की बाईसाहेबांचं तोंड फुगतं.

पहिल्या मेकॅनिकने कॉम्प्युटर जोडून काहीतरी पुसलं, दिवा गेला. मी खूश! गॅरेजबाहेरचा पहिला खड्डा लागला आणि स्वारी परत हजर. दुसऱ्याने स्टीअरिंगमधली कॉइल बदलली आणि उपटलेली दाढ द्यावी तशी जुनी माझ्या हातात ठेवली. दिवा ढिम्म. तिसरा म्हणाला, बल्बच काढून टाकू. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला असा झापला की तुझी आई गाडीत पर्समध्ये काहीतरी शोधायचं नाटक करू लागली. अगं, लाकूड कसं, कुठे दुखतंय ते सांगतं. ही वायरींची जात नुसती दिवा लावून बसते.

शेवटी एक इलेक्ट्रिशियन बाई भेटल्या. त्यांनी आधी बॅटरी सोडवली आणि निवांत चहा घेतला. उरलीसुरली वीज उतरू दे, नाहीतर फुगा माझ्याच तोंडावर उघडायचा, म्हणाल्या. मग आईच्या सीटखाली टॉर्च मारला आणि हसायलाच लागल्या. सीटच्या रुळाशी एक लाकडी पाचर ठोकलेली आणि तिच्याखाली सीटबेल्टकडे जाणारी एअरबॅगचीच पिवळी वायर चेपून तुटायला आलेली. गाडी हादरली की वायर सुटायची आणि दिवा लागायचा.

पाचर मी बघताक्षणी ओळखली. एक कोपरा तिरका छाटलेला, तू लहानपणापासून छाटतेस तसा. नोकरीला जाण्याआधी तू गाडीत ठोकाठोक करत होतीस, सीटची खडखड आईच्या पाठीत बसते म्हणून. दुसऱ्या कुणी नट आवळला असता, सुताराच्या लेकीला पाचर सुचली! तुला फोन करून चांगलं सुनावणार होतो. पण इतकी नेमकी बसली होती गं, की ती काढणं माझ्या जिवावर आलं. त्या बाईंनाही मी ती दोनदा कौतुकाने दाखवली.

वायर नवी घातली, दिवा गेला. पण आता सीट पुन्हा खडखडते आणि तुझी आई ओठ आवळून बसते. रूळच झिजलाय, इतक्या जुन्या गाडीचा नवा मिळत नाही. म्हणून वायर वाचवून पाचर बसवू म्हटलं आणि करायला बसलो. पहिली बिघडली. पुढचीही बिघडली. लाकडाला शिव्या दिल्या, पटाशीला धार लावली, चष्मा पुसला. चिमणे, दोष यांतल्या कशाचाच नाही. माझा उजवा हात थरथरतो. आईला सांगितलेलं नाही आणि फोनवर ती शेजारीच असते, म्हणून हे पत्र. परवा वळणावर स्टीअरिंग हातातून निसटलं, तर कुत्रं आडवं आलं म्हणून थाप मारली. तिच्या बाजूचा फुगा आता नक्की उघडेल. पण तो उघडायची वेळ माझ्या हातून आली तर मला ते सोसणार नाही. मी तुला आजवर कधी परत ये म्हटलं नाही. आज म्हणतोय. ये, पाचर ठोक आणि माझ्याकडून किल्ली काढून घे. आईने विचारलं तर गाडी चालवायची तुलाच हौस आली आहे असं सांग.

तुझाच,
हट्टी बाबा