अब्बांचं एकच उत्तर

हॉलंड, शुक्रवार

अम्मी, सलाम. मी सुखरूप आहे, वेळेवर जेवते. हमझाच्या मुलीची, आयातची, परीक्षा कशी झाली?

फोनवर बोलले तर अब्बा तुझ्या हातातून फोन घेतील, म्हणून मेसेज लिहून पाठवतेय. त्यांच्यासमोर वाचू नकोस.

काल तू कौतुकाने सांगितलंस, की हृदयाच्या ऑपरेशननंतर दवाखान्याचं यंत्र रोज फोन करून अब्बांची तब्येत विचारतं. दम लागतो का? ‘अल्हमदुलिल्ला, बरा आहे.’ छातीत दुखतं का? तेच उत्तर. असल्या यंत्रांनी माणसांशी कसं वागावं, हेच मी इथे विद्यापीठात शिकवते. पेशंटचा शब्द शेवटचा मानावा, असं माझ्या पुस्तकातही आहे. ते यंत्र तो शब्द मानतं आणि डॉक्टरांना काहीच कळवत नाही.

पण अम्मी, आपल्या घरात कोणी कधी दुसरं उत्तर दिलंय? आजोबा गेले त्या सकाळीही हेच म्हणाले होते.

अब्बांची चप्पल घट्ट होते म्हणालीस. खुर्चीत बसूनच झोपतात म्हणालीस. नवी चप्पल आणू नकोस. हर्णेच्या लिलावात तू सुरमई बोटाने दाबून बघतेस ना, तसा त्यांचा पाय घोट्यापाशी दाबून बघ. खड्डा तसाच राहिला, तर अंगात पाणी साठतंय, हृदयाला झेपत नाहीये; हमझाला लगेच गाडी काढायला सांग. रत्नागिरीच्या मोठ्या दवाखान्यातच न्या.

वाटेत हातखंब्याला अब्बा चहा मागतील. आता बरा आहे, परत फिरा म्हणतील.

गाडी थांबवू नका.

तुझी,
नबीला