फोनताईंची पुढची पायरी

तीर्थस्वरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (मामी म्हणतात, जिना चढताना दुखतो, मित्रांकडे जाताना दुखत नाही. डॉक्टरांना दोन्ही सांगा.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत.

ज्या ऑफिसातून तुम्ही प्रशासन अधिकारी म्हणून निवृत्त झालात, तिथेच मी गेले आठ महिने एक पोर्टल तयार करते आहे. (मी ओळखीने लागले नाही, असं मी सगळ्यांना सांगते, तुम्हीही तेच सांगा.) कर्मचाऱ्याने आपला क्रमांक घातला की आजचं पद, पुढचं पद आणि त्यासाठी काय शिकायला हवं, हे पायरीपायरीने दिसतं. पायऱ्यांच्या रंगावर तीन बैठका झाल्या. हिरवा ठरला, मग एका साहेबांना हिरवा आणि लाल सारखाच दिसतो असं कळलं, म्हणून निळा.

मोठ्या साहेबांना ते खऱ्या माणसाच्या माहितीवर दाखवायचं होतं. सगळ्यांनी अंग काढून घेतलं. तयार झाल्या त्या फक्त फोनताई. तळमजल्यावर जिन्याखाली टेबलावर एक फोन घेऊन बसतात त्या, सव्वीस वर्षं नोकरी झालेल्या. मी त्यांचा क्रमांक घालून बटण दाबलं आणि समोरच्या भिंतीवर हातभर अक्षरं उमटली : "हे पद अस्तित्वात नाही."

वाक्य माझंच होतं, मामा. कुणी चुकीचा क्रमांक घातला तर दिसावं म्हणून लिहिलेलं. पण टेलिफोन एक्स्चेंज नऊ वर्षांपूर्वी काढलं, त्याबरोबर ऑपरेटरचं पद रद्द झालं, आणि बाई तेवढ्या राहिल्या.

"मग या करतात काय?" मोठ्या साहेबांनी विचारलं. मागच्या खुर्चीवरून फोनताई उठल्या, "खाली फोन वाजतोय," म्हणाल्या आणि निघून गेल्या. (फोन वाजत नव्हता.)

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. खाली जाऊन माफी मागितली, तर त्याच म्हणाल्या, "अगं, तू खोटं कुठे लिहिलंस?" मग मी त्यांच्या शेजारी बसून 'तुम्ही काय काम करता' हा रकाना भरायला घेतला. त्या म्हणाल्या, विशेष काही नाही. तेवढ्या वेळात ओळखपत्र हरवलेला एकजण आला, रजेच्या अर्जावर कुणाची सही लागते हे विचारायला एक हिशेबनीस आला, पहिल्याच दिवशी रडवेली झालेली एक नवी मुलगी आली आणि जाताना हसत गेली. मी सगळं लिहीत होते. चारशे अक्षरांतच रकाना भरला. (तोही मीच आखलेला.) तो दोनदा मोठा केला. कौशल्यांच्या यादीतल्या 'नेतृत्व' या शब्दापुढे मात्र त्या खूण करू देईनात. "मी कुठलं नेतृत्व केलं? ज्याला जिथे जायचं होतं तिथे पाठवलं."

भरलेल्या माहितीची ती दोन पानं मोठ्या साहेबांनी वाचली, शेवटपर्यंत. स्वागत अधिकारी असं नवं पद काढून फोनताईंना तिथे घ्यायला ते तयार आहेत. पण कार्मिक विभाग म्हणतो, नऊ वर्षं या बाई तिथे कुणाच्या आदेशाने बसल्या, त्याचा कागद दाखवा. कागद नाही. तो मिळाला नाही तर पुढच्या महिन्यात त्यांचं नाव अतिरिक्त कर्मचाऱ्यांच्या यादीत जाईल आणि त्यांना घरी बसावं लागेल.

असो. मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. : तो आदेश तुमचा होता, मामा. तोंडी. एक्स्चेंज काढलं त्या सोमवारी तुम्ही म्हणालात, "तात्पुरतं इथे बसा, आठवड्यात बघू." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत चार वर्षं तुम्ही रोज त्यांच्यासमोरून जिना चढलात. मी दोष देत नाही. मीही आठ महिने तिथूनच चढत होते. तुमचं तेवढं वाक्य सहीनिशी लिहून पाठवा. 'आठवड्यात' हा शब्द गाळू नका.

ता. क. २ : हे मला सांगून फोनताई तुमच्याबद्दल म्हणाल्या होत्या, "साहेबांना त्रास नको देऊस, त्यांच्या लक्षात नसेल." म्हणून हे पत्र त्यांना न सांगता लिहिलंय.

ता. क. ३ : साक्षीदार म्हणून तुमचं नाव मी आधीच देऊन टाकलंय. मंगळवारी अकरा वाजता कार्मिक विभागाचा फोन येईल. लावून फोनताईच देतील. पुढे जोडायच्या आधी त्यांच्याशी दोन शब्द बोला.