चावडीपुढची विहीर

पौड, १२ मार्च १९६१

ती. आईस शकूचा नमस्कार.

प्रकृती ठीक आहे, जेवण वेळेवर होतं.

नव्या विहिरीची जागा मी ठरवली, विहीर बांधूनही झाली, पण गावातल्या सुना अजून मैलभर लांबच्या ओढ्यावरच जातात. "बायका अडाणी आहेत, असं अहवालात लिहा," साहेब म्हणाले. मी त्या सुनांतल्या कमळला विचारलं. ती हसली. "चावडीवर समदे सासरे बसत्यात. डोईवरला हंडा धरू, का पदर सावरू? तुमीच सांगा, बाई."

मी पाण्याची पातळी मोजली, चावडीकडे पाहिलंच नाही. अहवालात चूक माझी, असंच लिहिणार आहे. बदली झाली तर घाबरू नकोस.

ओसरीवर आजोबा असतात, म्हणून तू मागच्या दाराने जातेस ना? मी तो तुझा स्वभाव समजत होते.

तुझी,
शकू