ताईच्या कुंपणातले चिरंजीव

तीर्थरूप ताईस,

तुझ्याच कुंपणाआडून साष्टांग नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? नात रात्री झोपू देते का? दाजींना पथ्यावर ठेव. (इथे मी आणि तुझं घर खुशाल आहोत. घराचं सविस्तर पुढे.)

नातीकडे निघताना तू बजावलं होतंस, की कुंपण रानवेलींनी माजलंय, तेवढं छाटून ठेव. मी कात्री घेऊन छाटणीला लागलोही होतो (शेजारचे मास्तर साक्षीला आहेत), तेवढ्यात एका पानावर पांढरी नागमोडी रेघ दिसली. पान उन्हात धरलं तर काय! पानाच्या दोन सालींच्या मधोमध एक अळी आडवी पडून हिरवा गर खात पुढे चाललेली, आणि मागे काळ्या ठिपक्यांची ओळ. (ती तिची विष्ठा. पण मला फार सुरेख वाटली.) मग कसली छाटणी! तशी पानं वेचून तुझ्या काचेच्या बरण्यांत ठेवली, तोंडाला दाजींचे रुमाल बांधले. मास्तर म्हणाले, "अहो, रोग पडलाय, औषध मारा." मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. अळीचा कोष झाला तेव्हा माझा ऊर भरून आला. ताई, माझ्या हातून आजवर कुंडीतलं रोपसुद्धा जगलेलं नाही गं.

शेवटी कोषातून तिळाएवढी, हिरवी चमकदार माशी निघाली. बरणी छातीशी धरून तडक कॉलेजातल्या कीटकांच्या बाईंकडे गेलो (वाटेत मास्तरांना दाखवली, अबोला असूनही). बाईंनी भिंगाखाली पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, ही तुमच्या अळीची नव्हे. हिनं तुमच्या अळीला आतून खाल्लंय." म्हणजे चिरंजीव समजून मी त्यांच्या मारेकऱ्याचे लाड करत होतो! माझा चेहरा पडला. पण बाईंनी अशी माशी या वेलीवर कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी ती संग्रहासाठी मागून घेतली, आणि टाचणीखालच्या चिठ्ठीवर 'वाढवणारा' म्हणून माझं नाव घातलं. आपल्या घराण्यात आजवर कुणाचं नाव टाचणीला लागलंय का, सांग!

तुझा, आता संग्रहात असलेला,
धाकटा भाऊ

ता. क. बरण्यांतली साखर बादलीत आहे. मुंग्यांना ते कळलेलं आहे.

आणखी ता. क. उरलेल्या कोषांतून खरे चिरंजीव निघतील, असं बाई म्हणतात. नात अजून लहान आहे. तू आणखी महिनाभर तिथेच राहिलीस तर?

शेवटचा ता. क. मी कुठलंच काम पुरं करत नाही, असं तू सगळ्यांना सांगतेस. तर कळवतो, की ते पान दिसलं तेव्हा रस्त्याकडचं अर्धं कुंपण छाटून झालं होतं. उरलेलं अर्धं मी जिवंत असेपर्यंत कुणाला छाटू देणार नाही.