बंद माळावरची घंटा

२२ जून, रविवार
टक् टुक्, टक् टुक्. लाकडी घंटा. माझी बायको मनोरमा संध्याकाळी गुरं घेऊन यायची, तेव्हा ती वळणावर दिसायच्या आधी हा आवाज घरी पोचायचा. आज सकाळपासून कानात तोच. मनोरमा गेल्यापासून घंटा खुंटीवरच आहे.

आर्या, आमची नात, कॉलेजला परत गेली. बी.एस्सी. ॲग्री, शेवटचं वर्ष. म्हणते, आजोबा, नोकरीबिकरी नको, चांदीप गावचा हा माळ आणि आपल्या पाच गाई मीच सांभाळणार. तिचे पप्पा, म्हणजे आमचा जितेश, विरारच्या फ्लॅटमधून म्हणतो, गवत विकत आणून गाई पाळायच्या तर त्याला धंदा नाही, छंद म्हणतात. दिवाळीनंतर माळ विकून टाकू. शेवटी तह झाला. अर्धा माळ कुंपण घालून दिवाळीपर्यंत चराईला बंद. तिथल्या गवतावर गाई उन्हाळा काढतील असं दिसलं तर माळ राहणार. नाहीतर गेला.

राखणीचं काम माझ्याकडे. आयुष्यभर आठवीचे वर्ग राखले. पाच गाई म्हणजे काहीच नाही.

१३ जुलै, रविवार
दर रविवारी गवताची उंची मोजून आर्याला व्हॉट्सॲप करायची. आज गुडघ्याला लागलं. उत्तम.

चांदी दोनदा कुंपणात शिरली. मनोरमाच्या लाडक्या गाईची ही नात. हट्ट घराण्यातला. उपाय सुचला. घंटा खुंटीवरून काढून हिच्या गळ्यात बांधली. शिरली की वाजेल, वाजली की मी उठेन. अलार्म सिस्टिम. आर्याने अंगठा पाठवला.

१० ऑगस्ट
अलार्म वाजला. उठणारच होतो. पण डोळे मिटलेले होते आणि वळणावर मनोरमा होती, पदर खोचून, हातात काठी. अशा वेळी उठणं बरं दिसत नाही. एक गाय खाऊन खाऊन किती खाणार.

उद्यापासून कडक.

११ ऑगस्ट
कडक. चांदीला मोकळ्या बाजूला बांधली. तिथे खायला फारसं नाही. नुसती उभी. मान हलेना, घंटा वाजेना. संध्याकाळ फार लांबली. एक जुनी कविता चालीवर म्हणून पाहिली, दुसऱ्या कडव्याला सोडून दिली.

दावं जरा सैल केलं. जनावराला व्यायाम हवा.

७ सप्टेंबर, रविवार
शेजारचा कल्पेश कुंपणापलीकडून म्हणाला, मास्तर, गाय कुंपनात नि तुम्ही डोळे मिटून. तिची तोंडी परीक्षा घेताय का काय? मी म्हणालो, देखरेख चालू आहे. तो म्हणाला, ते दिसतंयच.

बाकीच्या चारही घंटेमागून आत जातात. रांगेने. शिस्त आहे, हे मान्य करावं लागेल.

मोजमाप. मोजायला रोवलेल्या मधल्या काठीपाशी घोट्याएवढं. कोपऱ्यात करवंदीच्या जाळीत मात्र कमरेएवढं, कारण काट्यांमुळे तिथे गाईचं तोंड पोचत नाही. जाळीतलंच पाठवलं. शाळा तपासायला साहेब यायचे तेव्हा हुशार मुलं पुढच्या बाकावर बसवायचोच की. त्यात खोटं काय? मुलं आपल्याच शाळेची असायची.

२८ सप्टेंबर, रविवार
आर्याचा फोन. म्हणाली, आजोबा, तुमचा डेटा कडक आहे. पप्पांना दर आठवड्याला फॉरवर्ड करते. ते बोलत काहीच नाहीत, पण ब्लू टिक येते. मग म्हणाली, सगळे मला वेडी म्हणत होते, तुम्ही एकटे माझ्या बाजूने उभे राहिलात. आवाज ओला वाटला. रेंजचा प्रॉब्लेम असावा.

दुपारी घंटा काढून खुंटीवर टांगली. आता कायमची. संध्याकाळी परत बांधली. घराला आवाज लागतो.

१७ ऑक्टोबर, वसुबारस
चांदीला आणि तिच्या वासराला ओवाळलं. आजच्या दिवशी गाईपुढे हिरवा चारा ठेवायचा, मनोरमाने एक वर्षही चुकवलं नव्हतं. पाहिलं तर माळभर हिरवं कुठेच नाही. करवंदीच्या जाळीत हात घालून तिथलं सगळं कापलं. हात ओरबाडून निघाले. चांदीने शेवटच्या काडीपर्यंत खाल्लं. काय वाजली आज घंटा.

माळ आता सगळीकडे एकसारखा दिसतो. नीटनेटका. मुळं जमिनीत शाबूत आहेत. आर्या हुशार आहे, समजून घेईल. तिला सांगायची वाक्यं मनात जुळवतोय. पहिलं जमलंय. ‘बाळ, कशी आहेस?’

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
दार वाजलं. कल्पेश असेल म्हणून उघडलं. जितेश. कामाच्या दिवशी, न कळवता. हातात नवा कोरा विळा, मुठीवर किमतीचं स्टिकर तसंच.

म्हणाला, अप्पा, रजा टाकलीय. आर्याचे आकडे बघत होतो इतके दिवस. पोरीने हरवलं मला. आज गवत एकदा डोळ्यांनी बघतो आणि माळाच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवतो. आणि हसाल, पण कापणार मीच. आईबरोबर कापायचो, हात विसरला नसेल. चला, दाखवा.

चष्मा शोधतो सांगून आत आलोय. चष्मा नाकावरच आहे, त्याशिवाय हे लिहिता आलं नसतं. बाहेर विळ्याला धार लावण्याचा आवाज येत होता, तो थांबला. जितेश विचारतोय, अप्पा, ही आपल्या आईची घंटा ना? कुठून वाजतेय?