म्हातारीची पारख

प्रिय ड्वेन,

तुझं पत्र मिळालं. शनिवारच्या नेमबाजीच्या सामन्यासाठी काडतुसं भरून हवीत म्हणे, ‘जुन्या दिवसांसाठी’. निर्लज्जम सदासुखी!

जुने दिवस मला चांगले आठवतात. गॅरेजमध्ये बंदुकीच्या दारूचा कण न् कण तोलायचे मी. रेंजवर पाच-पाच गोळ्या झाडून, नळी निवेपर्यंत थांबून, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या फडक्यांवर डोळा ठेवून तुझ्या रायफलीला काय मानवतं ते शोधायचे मी. सामन्यात चाप तेवढा तू ओढायचास. आणि क्लबच्या जेवणात चषक हातात घेऊन म्हणालास, “लोरेटा ना? ती माझे मोजे धुते आणि काडतुसं भरते!” सगळे खो खो हसले. मीही हसले, त्याचा राग अजून जात नाही.

मग तू डार्लाबरोबर बिलिंग्जला गेलास. जाताना माझ्या काडतुसांचा डबा न् डबा उचललास आणि रायफल मात्र ‘म्हातारी झाली’ म्हणून दुकानात विकून नवी घेतलीस. अरे, एका नळीसाठी पारखलेलं काडतूस दुसरीला मानवेलच असं नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. तुला कधी पारखावंच लागलं नाही, तू कशाला शिकशील? नव्या रायफलीतून तुझ्या गोळ्या वाटेल तिथे जातात, हे साऱ्या क्लबला कळलंय. ऐकलं त्या दिवशी मी रानातल्या हकलबेरी फळांची गोड पाई भाजली आणि एकटीने खाल्ली.

ती म्हातारी मी दुकानातून सोडवून आणली. उन्हाळाभर तिच्यासाठी नव्याने काडतुसं पारखली. परवा पाच गोळ्यांची भोकं एका वाटाण्याखाली झाकली गेली. गुण मोजणारा हॉबार्ट तो कागद बघून म्हणाला, “बाई गं, मग इतकी वर्षं आम्ही टाळ्या कोणासाठी वाजवत होतो?”

प्रेम होतं रे माझं तुझ्यावर. म्हणून तर एवढा जीव जळतो.

तेव्हा काडतुसं मिळणार नाहीत. उत्तर लिहिलं ते एवढ्यासाठीच की शनिवारी मीही सामन्यात उतरतेय, आणि हॉबार्टला सांगून गोळ्या झाडायचं टेबल तुझ्या शेजारचं मागून घेतलंय. डार्लालाही आण, पुढच्या बाकावर बसव. येऊच नये असं तुला वाटेल. पण मग क्लबात काय बोलतील, ते तूच ओळख. चषकावर कोरायला मी माहेरचं आडनाव देऊन ठेवलंय.

आता तुझी कोणीच नसलेली,
लोरेटा हालवर्सन